तुटलेल्या काठावरचे राघू

मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत मला आभाळ दिसत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे आणि हे तीन महिने हळदीचे. सकाळी सौदे निघाले की पोत्यांच्या थप्प्या, तोलाईदाराची हाक, हमालांची घाई, शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या, खरेदीदारांची बिलं. राजापुरी हळदीचा धुरळा नाकातोंडात जातो. रात्री अंघोळ करून अंग पुसलं तरी पंचाला पिवळं लागतंच. हळकुंड, गड्डा, कणी यांचे भाव झोपेतही डोक्यात फिरत असतात. इतकी वर्षं हे असंच चालत आलं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. या हळदीवरच आमचं घर उभं राहिलंय.

२०२० च्या मार्चमध्ये हे सगळं एकदम थांबलं. २२ तारखेचा रविवार जनता कर्फ्यूचा. त्यानंतर लगेच इस्लामपुरात रुग्ण सापडले आणि सांगली जिल्ह्याचं नाव टीव्हीवर दिवसरात्र यायला लागलं. मंगळवारी रात्री टाळेबंदी जाहीर झाली, बुधवारी पाडवा. पाडव्याला गुढी उभी केली, पण शेजारचंही कुणी बघायला आलं नाही. दुकान बंद, सौदे बंद. वह्या कपाटात आणि किल्ली मालकांकडे.

आम्ही हरिपूरचे. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात ते हे गाव, संगमेश्वराचं. घरात मी, बायको, अकरावीतली मुलगी आणि माझे वडील. वडिलांना सगळं गाव आप्पा म्हणतं, आम्हीही. दारात एक म्हैस. शेतीच्या कामाला आणि वैरणीला जायला मुभा होती, म्हणून रोज दिवस उगवायच्या आधी मी विळा आणि दोरी घेऊन नदीकाठच्या आमच्या मळीत जायचो. वडिलोपार्जित बारा गुंठे, त्यात थोडं हत्तीगवत आणि थोडं कडवळ. एरवी हे काम गडी करायचा. तो आपल्या गावी अडकलेला.

त्या मळीत जायला मला नको वाटायचं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीत कुणी विसरलेलं नाही. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. म्हैस आधीच वरच्या बाजूला नेऊन बांधली होती. आप्पांना मात्र घर सोडायचं नव्हतं. शेवटी नावेतून काढलं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली. आप्पा नावेत बसलेले असताना ते पोचेपर्यंत माझी काय अवस्था होती, ते मला आजही लिहिता येत नाही. पाणी उतरल्यावर घरातला गाळ काढला, भिंती धुतल्या, पंचनामे झाले. नंतर एक गोष्ट आपोआप झाली: आम्ही नदीकडे बघायचं सोडलं. मागच्या बाजूची खिडकी उघडायची म्हणून कुणी उघडत नव्हतं. लहानपणी ज्या नदीत पोहायला शिकलो तिच्याकडे पाठ करून मी वैरण कापायचो आणि भारा बांधून निघायचो.

पुरानं आमच्या मळीचा काठही तोडला होता. आधी तिथे उतार होता, गवत होतं, म्हशी पाण्यात उतरायच्या. आता दोन पुरुष उंचीचा सरळ तुटलेला कडा. वर बाभळी, आणि बाभळींच्या फांद्यांत पुरानं अडकवून ठेवलेल्या चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कुणाच्या तरी लुगड्याचा तुकडा. सात-आठ महिने झाले तरी ते तसंच लोंबत होतं.

मार्च संपत आला तेव्हाची गोष्ट. भारा बांधत होतो, आणि त्या कड्यातून माती उडताना दिसली. वारा नव्हता. कड्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात एक भोक होतं, रुपयापेक्षा मोठं, आणि त्यातून थांबून थांबून मातीचा बारीक फवारा बाहेर पडत होता. दोन-तीन झटके, मग थोडी विश्रांती, पुन्हा झटके. मी भारा खाली ठेवला. थोड्या वेळानं भोकातून आधी शेपटी आली, मग उलट्या पावलांनी पूर्ण पक्षी आला आणि उडून बाभळीच्या वाळक्या काटकीवर बसला. हिरवागार. डोळ्यातून गेलेली काळी रेघ, गळ्यावर काळी बारीक पट्टी, डोक्यावर तांबूस झाक. शेपटीच्या मधली दोन पिसं तारेगत लांब असतात, पण याची एक तार मोडून अर्धीच राहिली होती. चोचीला आणि कपाळाला माती लागलेली. तो बसला तोच दुसरा तिथून उठला आणि भोकात शिरला. पुन्हा माती उडायला लागली.

वेडा राघू. विजेच्या तारेवर बसलेला मी जन्मभर बघत आलोय. आमच्याकडे कुठल्याही रानात तो दिसतो. पण तो जमिनीत घर खणतो हे मला माहीत नव्हतं. झाडावर कुठेतरी करत असेल घरटं, एवढंच धरून चाललो होतो. चोचीनं माती उकरायची, पायांनी मागे लोटायची, जोडीतल्या दोघांनी पाळीपाळीनं. त्या दिवशी म्हशीला वैरण उशिरा मिळाली.

नंतर मोजली तर त्या कड्यात पाच भोकं होती. त्यातली एक-दोन अर्धवट सोडलेली. आत दगड किंवा मूळ लागलं की ते सोडून देतात आणि शेजारी नवं काढतात.

घरी येऊन हे आप्पांना सांगितलं. आप्पा तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. आयुष्यभर त्यांनी पेवांचं काम केलं. हरिपूरची पेवं ही आमच्या गावची खरी ओळख. जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं. आतून शेणानं सारवायचं, पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. आत वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही. पेव उघडायचं म्हणजे जोखमीचं काम. तोंड उघडून काही तास तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर खाली श्वास घ्यायला हवा नाही, माणूस उतरायचा नाही. आप्पा हे काम करायचे. २००५ च्या पुरात पेवांत पाणी गेलं, किती तरी पेवं ढासळली, हळद कुजली. त्यानंतर गोदामं आणि शीतगृहं आली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा यार्डात आम्ही पेढे वाटले. मी आप्पांनाही नेऊन दिले. त्यांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "आणि पेवं?"

तर राघूंचं ऐकून आप्पा म्हणाले, "मला ने."

बायको चिडली. "अहो, आप्पांना कशाला नेताय काठाला? दमा हाय त्यांना. त्यात हे असलं आजारपण गावोगाव." तिचं खरं होतं. पण पहाटे रानात कुणी नसतं आणि घरात बसून त्यांचा श्वास जास्तच लागत होता. दिवसभर टीव्हीवरचे आकडे ऐकून ते रात्री झोपत नव्हते. मी त्यांना मोटारसायकलवरून नेलं, प्लॅस्टिकची खुर्ची आधीच नेऊन ठेवली होती.

आप्पा त्या खुर्चीवर बसलेच नाहीत. काठीनं चाचपत कड्याच्या बाजूला गेले, घळीतून थोडे खाली उतरले आणि तुटलेल्या काठाची चिमूटभर माती घेऊन बोटात चुरली. मग ओली करून तिची गोळी वळली. मग म्हणाले, "बघ. ही तीच माती हाय. काळ्या रानात खणलं असतं व्हय ह्यांनी? काळी माती उन्हात भेगाळती, पावसात फुगती. त्यात ना पेव राहतं, ना ह्याचं बीळ. वाळू असती तर ढासळली असती. ही उभी राहती आणि कोरडी राहती. पाखराला कुणी सांगितलं म्हणायचं?"

राघूचं बीळ म्हणजे एक आडवं पेवच आहे. तोंड अरुंद, हात-दोन हात आत गेलं की शेवटी रुंद खोली. आत गवत नाही, कापूस नाही, काही अंथरत नाहीत. पांढरी गोलसर अंडी उघड्या मातीवरच घालतात, तीन ते पाच. नर-मादी दोघंही उबवतात. यातलं बिळाच्या आतलं काही मी डोळ्यांनी बघितलेलं नाही, हे मला नंतर वाचून कळलं. बिळात काडी घालून किंवा मोबाईल लावून बघायचा मोह आमच्या मुलीला झाला होता. आप्पांनी सांगितलं, "पेवात कंदील सोडतात ते माणसानं उतरायचं असतं म्हणून. तुला कुठं उतरायचंय?"

तेव्हापासून आम्ही दोघं रोज जायला लागलो. मी वैरण कापायचो, आप्पा बसायचे. नंतर नंतर मीही कापून झाल्यावर बसायला लागलो. पाण्याच्या कडेला मात्र जायचो नाही. सांगलीच्या कृष्णेत मगरी आहेत. समोरच्या काठावरच्या गाळावर एक ऊन खात पडलेली आम्ही बऱ्याचदा बघितली. वाळू काढणारे नाहीत, धुणं धुणारे नाहीत, त्यामुळे ती बिनघोर पडलेली असायची.

शांतता होती म्हणून ऐकूही बरंच आलं. राघू हवेत झेप घेऊन माशी पकडतो तेव्हा त्याच्या चोचीचा टक्क असा आवाज येतो, तो मी पहिल्यांदा ऐकला. मग काटकीवर परत येऊन तो ती मधमाशी काटकीवर आपटतो, घासतो, पुन्हा आपटतो. नांगी निघाल्याशिवाय गिळत नाही. घाई नाही त्यात अजिबात. एकदा त्याच्या बसायच्या फांदीखाली मला लहान काळसर गोळ्या सापडल्या. हातात घेऊन फोडली तर आत पंखांचे चकचकीत तुकडे, भुंग्यांच्या पाठीची टरफलं, माशांचे पाय. जे पचत नाही ते राघू गोळी करून ओकून टाकतो. मुलीनं त्या गोळ्या काडेपेटीत भरून घरी नेल्या आणि पांढऱ्या कागदावर एकेक तुकडा वेगळा मांडला. तिची अकरावीची परीक्षा होणार की नाही हे कुणी सांगत नव्हतं, पुस्तकात तिचं लक्ष लागत नव्हतं. त्या कागदापुढे मात्र ती दुपारभर बसली.

एक गोष्ट आप्पांच्या लक्षात आली आणि ती आम्हाला फार पुढे घेऊन गेली. अंडी घातल्यावर राघू बिळाजवळ यायचे, पण आम्ही बसलेलो असलो की तारेवरच थांबायचे. चोचीत कधी चतुर, कधी माशी, आणि आत न जाता तसेच बसून राहायचे. आम्हाला वाटलं माणसाला घाबरतात. खुर्ची आणखी लांब नेली तरी तेच. मग एके दिवशी उन्हाची तिरीप आली म्हणून आप्पा बाभळीच्या पलीकडे जाऊन बसले. अंतर तेवढंच, उलट जरा जवळच. पण तिथून कडा दिसत होता, भोकं दिसत नव्हती. आणि राघू सरळ आत शिरायला लागले.

आप्पा म्हणाले, "आपण त्यांना दिसतो ते त्यांना चालतंय. त्यांचं दार आपल्याला दिसू नये."

मला हे पटेना. पाखराला एवढं कळतं? मग आम्ही जागा बदलून बदलून बघितलं. बाभळीच्या अलीकडे बसलं की थांबायचे, पलीकडे बसलं की जायचे. मुलीनं मोबाईलवर शोधलं. पुण्याच्या मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेड्या राघूंचा नेमका हाच अभ्यास केलेला होता, २००२ साली तो शास्त्रीय नियतकालिकात छापूनही आला होता. माणूस अशा जागी असेल की त्याला घरट्याचं तोंड दिसतंय, तर राघू आत जायला कचरतात. साधारण तेवढ्याच अंतरावर, पण घरटं दिसणार नाही अशा जागी असेल तर बिनधास्त जातात. म्हणजे समोरच्याला त्याच्या जागेवरून काय दिसत असेल, याचा अंदाज या पाखराला घेता येतो. मुलगी हे मोठ्यानं वाचून दाखवत होती आणि आप्पा मान हलवत होते. त्यांचा चेहरा त्या वेळी मी नीट बघितला. पुरानंतर इतके खुललेले ते मला दिसले नव्हते.

तेव्हापासून आमच्या खुर्च्या कायम बाभळीच्या पलीकडे.

इतरही पाखरं होतीच. कवड्या खंड्या पाण्यावर हवेत एका जागी फडफडत उभा राहायचा आणि दगडासारखा खाली पडायचा. कोतवाल, भारद्वाज, दगडगोट्यांत अंडी घालून आमच्यावर ओरडणारी टिटवी. संध्याकाळी चिंचेच्या ढोलीतले पिंगळे. त्यांच्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन. माझा जीव अडकला होता तो राघूंत.

२० एप्रिलपासून ग्रामीण भागातल्या वीटभट्ट्यांना परवानगी मिळाली. आमच्याकडे भट्टीला नदीकाठची माती लागते, आणि तुटलेला कडा म्हणजे फुकटची सोय: वरून फावडं मारलं की माती खाली येते, ट्रॉली लावली की भरली. शेजारच्या मळीच्या मालकांची भट्टी आहे. त्यांना आम्ही बापू म्हणतो. त्यांचा ट्रॅक्टर एका सकाळी आमच्या बांधाला येऊन उभा राहिला. आधीच्या वर्षी आम्हीच त्यांना ती माती न्या म्हणून सांगितलं होतं. वाहून जाणाऱ्या काठाचा उपयोग तरी होईल म्हणून.

मी तोंडाला रुमाल बांधून बापूंकडे गेलो. भट्टीवर मजुरांची कुटुंबं अडकलेली होती, लहान पोरं विटांच्या आडोशाला बसलेली. बापू स्वतः त्यांना पीठ आणि डाळ देत होते. अशा वेळी पाखरांचं काय बोलायचं, असं क्षणभर वाटलं. तरी बोललो. बिळात अंडी आहेत, पिलं बाहेर पडेपर्यंत तेवढा पट्टा सोडा म्हणालो.

बापूंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती दिवस?"

"जूनच्या सुरुवातीपर्यंत."

"आणि तोवर माझी माती?"

मी म्हटलं, आमच्या मळीच्या वरच्या अंगाला पुरानं टाकलेला गाळ आहे, तो न्या. तो सपाट आहे, खणायला जास्त माणसं लागतील, पण माणसं तर आहेतच तुमच्याकडे, त्यांनाही काम मिळेल. बापू थोडा वेळ गप्प बसले. "आप्पा रोज येऊन बसत्यात म्हणं तिथं," ते म्हणाले. "त्यांनी माझ्या वडलांचं पेव बांधलं होतं. राहू दे पट्टा. पावसाळ्यात भट्टी तशी बंदच."

मे महिन्यात दोन वेळा वळीव झाला. पहिल्या पावसात मी रात्री उठून बसलो होतो. सकाळी जाऊन बघतो तर कड्याची वरची एक ढलपी खाली आलेली, पण बिळं शाबूत. एक बीळ मात्र आम्ही गमावलं. पावसानं नाही, ते कुणीतरी नखांनी उकरून मोठं केलं होतं आणि खाली मातीवर हिरवी पिसं पडली होती. मुंगूस असेल. आप्पा त्या दिवशी फारसं बोलले नाहीत. उरलेल्या बिळांकडे राघूंची ये-जा तशीच चालू होती. दर थोड्या वेळानं चोचीत काहीतरी घेऊन येणारा एक, आणि बाहेर पडणारा दुसरा. एका बिळावर तर तीन मोठे राघू खाऊ आणताना दिसायचे. आई-बापाशिवाय आणखी एखादा मदतीला राहतो असं यांच्यात असतं, हेही मुलीनंच शोधून सांगितलं.

पिलं बाहेर आली ती आम्ही नसताना. एका सकाळी बाभळीच्या फांदीवर पाच जण एकमेकांना चिकटून ओळीनं बसलेले होते. त्यातल्या तिघांना शेपटीच्या तारा नव्हत्या, गळ्यावरची काळी पट्टीही नव्हती, रंग जरा फिका. मोठा राघू चतुर घेऊन आला की तिघांच्याही चोची उघडायच्या. मोडक्या शेपटीचा तो पहिला राघू त्यात होता की नाही हे मी फार शोधलं. नव्या तारा आल्या असतील तर तो ओळखू यायचा नाही.

३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा इकडेही आभाळ भरून आलं होतं. तोवर बिळं रिकामी झाली होती. बापूंनी त्या वर्षी त्या कड्याला हात लावला नाही. लावला असता तरी माझी हरकत नव्हती.

आता घरातलं सांगतो. जूनमध्ये यार्ड नेहमीसारखं सुरू झालं, पण मी पहाटेचं जाणं सोडलं नाही. त्याच पावसाळ्यात एका सकाळी बायकोनं मागची खिडकी उघडून ठेवलेली दिसली. तिनं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाणी किती आलं हे आम्ही पुन्हा रोज बघायला लागलो. आधी भीतीनं, मग सवयीनं. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला, पुन्हा सामान माळ्यावर गेलं. आप्पा या वेळी पहिल्याच दिवशी निघाले. पूर ओसरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न घराबद्दल नव्हता. "कडा किती तुटला?" आणखी चार-पाच हात आत आला होता. जुनी बिळं सगळी गेली होती, नवा कोरा कडा तयार झाला होता. पुढच्या मार्चमध्ये त्यात नव्यानं माती उडाली. २०२३ च्या हिवाळ्यात आप्पा गेले. त्या वर्षीची बिळं त्यांनी बघितली नाहीत.

२०२० पासून आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा होतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. शाळांतून कार्यक्रम होतात, ते व्हायलाच हवेत. पण नदीकाठच्या आम्हा लोकांना खरं सांगायची वेळ फेब्रुवारी-मार्चची आहे. पाणी उतरतं, काठ उघडा पडतो, आणि त्याच महिन्यांत राघू आणि कवड्या खंड्याही मातीत घर शोधत असतात. त्याच महिन्यांत आपले जेसीबीही निघतात. काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करा अशी मागणीही गावोगाव असते. जिथे घरं आहेत, देवळं आहेत, घाट आहेत तिथे ते करायलाच पाहिजे. मी पुराचं पाणी घरात घेतलेला माणूस आहे, त्याला विरोध करणार नाही. पण रानाच्या बाजूला जिथे कुणाचं घर धोक्यात नाही तिथला कडा मातीचाच राहावा असं मला मनापासून वाटतं. आणि माती काढायचीच असेल तर आधी कडा नीट बघावा. ताजी माती खाली सांडलेली आणि वर गोल भोक दिसलं तर तेवढा भाग मृग निघेपर्यंत सोडावा. बाकीचा खुशाल काढावा.

यंदा हळदीच्या ऐन सौद्यात मला फोन आला. कवठेपिरानच्या बाजूचे एक शेतकरी, दरवर्षी आमच्याकडे हळद घालतात. मला वाटलं भाव विचारतायत. "दिवाणजी, तुमचे ते राघू आमच्या ओढ्याच्या काठाला आलेत. सात भोकं हायत. मला गोठ्यात भर घालायला माती पाहिजे, काय करू?" लिलावाची बोली चालू होती, मी एका कानावर हात ठेवून त्यांना विचारलं, भोकं काठाच्या कुठल्या अंगाला आहेत, आणि तिथून वीस-पंचवीस हातांवर दुसरा कडा आहे का. होता. खालच्या अंगाला होता, तिथे भोकं नव्हती. तिथून त्यांनी दोन ट्रॉल्या नेल्या. जूनमध्ये पट्टी न्यायला आले तेव्हा म्हणाले, सातपैकी पाचातनं पोरं उडाली.